वर्गभर ऐकू गेलेलं उत्तर

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? ताईचा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला थांबला, की अजून ते स्वतःच स्वतःचे डॉक्टर आहेत? धाकटीचा हलणारा दात पडला का? मी ठणठणीत. मामीची पाठ धरली आहे, पण तोंड सुटं आहे, तेव्हा काळजी नको.

परीक्षेपासून तुझा फोन लागत नाही. ताई म्हणाली, बिघडलाय. अगं, जळालेल्या मोटारींच्या तारा गुंडाळण्यात माझा जन्म गेला. बिघाड कुठला आणि बहाणा कुठला, एवढं कळतं. म्हणून हे पत्र. तू पंख्याच्या मोटारीचं विचारलंस, तेव्हा मी हातातलं काम टाकून उत्तर बोलून पाठवलं. वायरमनचा कोर्स करणारी भाची अजून मामाला विचारते, हे शेजारच्या न्हाव्यालाही सांगून आलो. उत्तर बरोबर होतं ना?

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा मामा

ता. ७ मार्च

ती. मामास सा. न.

उत्तर बरोबर होतं, तिथेच तर घोळ झाला. केसांखाली इअरफोन होता, पण त्याची पिन नीट बसली नव्हती. तुझा आवाज भर वर्गात सुरू झाला. आधी आईचा गुडघा, मग बाबांचा खोकला, मग मामीची पाठ, आणि शेवटी उत्तर, पंख्याचा कंडेन्सर. घाईत बंद करायचं बटणच सापडेना. मुली हसल्या. मॅडमनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन काढून घेतला. आता सगळ्या वर्गाला पेपर पुन्हा द्यावा लागणार. माझ्याशी कोणी बोलत नाही. घरी मी फोन बिघडलाय असं सांगितलंय.

मी प्रश्न पाठवून फोनमधून लगेच पुसला होता. मॅडमना म्हटलं, मामा आपल्या मनानेच काहीबाही पाठवतो, मी विचारलंच नव्हतं. त्या तुला बोलावणार आहेत. तूही तेवढंच सांग, नाहीतर मला पेपरला बसू देणार नाहीत.

आणि यात एवढी कॉपी कसली? तूही वॉशिंग मशिनचं काम फोनवर बघूनच शिकलास. उद्या कामावर अडले, तर तुलाच विचारणार ना?

माझ्यावर रागावू नकोस.
तुझी भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मॅडमना भेटून आलो. धुवट शर्ट घातला, रस्ताभर तुझं वाक्य घोकलं. बाहेर पायऱ्यांवर तुझ्या वर्गातल्या मुली पुन्हा अभ्यासाला बसल्या होत्या. एक जण मांडीवर तान्हं पोर थोपटत पाठांतर करत होती. माझ्या आवाजाने तिचाही पेपर गेला, हे मनात आलं आणि घोकलेलं वाक्य तिथेच पायऱ्यांवर सोडलं.

मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, तिनेच विचारलं होतं. लवकर सांग, पेपर चालू आहे, असंही लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, आणि वाचूनही उत्तर दिलं. शिकलेली पोर मला विचारते, या आनंदात माझी अक्कल गहाण पडली. मग पुढे न्हाव्याकडे मिरवायला गेलो ते वेगळंच. मॅडमना विनवलं, शिक्षा मला द्या. त्या म्हणाल्या, परीक्षा तुमची नव्हती.

तुला या खेपेला बसता येणार नाही. पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा द्यावी लागेल.

आता तुझा प्रश्न. हो, मी फोनवर बघतो, पण बघतोय हे गिऱ्हाईकाला दिसत असतं. वर्गात तू केसांखाली लपवलंस आणि मी इकडून साथ दिली. लपवावं लागलं तिथेच आपलं दोघांचं चुकलं, पोरी. आणि शिडीवर उभी असशील, एका हातात वायर, दुसऱ्या हातात पक्कड, तेव्हा मामाला कुठल्या हाताने विचारशील?

ताईला मी काही बोललो नाही. ते तूच सांग. हवं तर मी शेजारी येऊन बसतो, अर्धी बोलणी माझ्या वाट्याची.

तुझं वर्ष माझ्या जिभेने गेलं, हे मला उमगतं. आशीर्वाद लिहितानाही ओशाळल्यासारखं होतंय. रागाने लिही, वाकड्या अक्षरात लिही, दोनच ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझाच,
मामा