बाटलीवरचं नाव

मंगळवार, १२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस, हे काही बरं केलं नाहीस. इकडे आम्ही ठीक. सातवीला पेशींचा धडा चाललाय. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक. हे शब्द मुलांच्या गळी उतरवताना माझ्या तोंडाला फेस येतो.

ठीक नाहीये, ताई.

गुरुवारी प्रयोगशाळेत अपघात झाला. गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या होत्या. त्याआधी मुलांनी मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. सगळ्यांत पुढे आमची चिमणी. दिवसभर तिच्या प्रश्नांची चिवचिव चालते, म्हणून हे नाव. ‘मिठाचे द्रावण’ लिहिलेल्या बाटलीतलं मी तिला पेल्यात ओतून दिलं. तिने तोंडात घेतलं आणि किंकाळी फोडली. बाटलीत आम्लारी होती, कॉस्टिक सोड्याचं पाणी. ओठ, जीभ, गाल, सगळं भाजलं गं! मी नुसती उभी. प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांनी तिला उचलून नळाखाली धरलं, किती तरी वेळ तोंड धूत राहिले. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच थोडक्यात निभावलं.

आणि त्याच मामांना घरी बसवलं. बाटल्या भरायचं काम त्यांचं ना! मुख्याध्यापिकांनी माझ्यासमोर त्यांना विचारलं, “चिठ्ठी कुणी लावली?”

“मी नीट लावली होती, बाई. आईशपथ.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बुधवारी मी वर्गात ओळखायचा खेळ घेतला होता. आम्ल कुठलं, आम्लारी कुठली, साधं द्रावण कुठलं, ते लिटमस कागदाने ओळखायचं. त्यासाठी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच काढल्या. तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या तासाच्या घाईत मी त्या भराभर परत चिकटवल्या. न बघता. वीस वर्षं मुलांना बजावतेय, बिनरंगी दिसतं ते सगळं पाणी नसतं.

कालही दवाखान्यात गेले. चिमणीला अजून बोलता येत नाही. तिची आई माझा हात धरून म्हणाली, “बाई, तुम्ही रोज येता, केवढा आधार वाटतो.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आई औषध आणायला खाली गेली. तशी चिमणीने उशीखालची वही काढून लिहिलं:

‘चिठ्ठ्या तुम्ही लावल्या होत्या. मी पाहिलं. कुणाला नाही सांगितलं. तुम्हाला काढून टाकतील ना?’

ताई, बारा वर्षांची पोर. तोंड भाजलेली. आणि ती मला पाठीशी घालत होती!

“सांग,” मी म्हटलं. “सगळ्यांना सांग. आधी मीच सांगते.”

तिची आई परत येऊन पुन्हा माझा हात धरून बसली, तेव्हा सांगितलं. तिने माझा हात सोडला.

आज सकाळी मुख्याध्यापिकांना लेखी दिलं. मामा उद्यापासून कामावर येतील. त्यांच्या घरी जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी विचारलं, “पोरगी जेवते का?” एवढंच. चौकशी होईपर्यंत मी घरीच आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस, आमची धाकटी शिकवते. काही दिवस सांगू नकोस.

चार दिवस गप्प राहिलेली,
तुझी धाकटी