नाईकचे गॅरेज

१२ फेब्रुवारी १९९८
सेक्रेटरी नाईकने आमच्या खिडकीला लागून भिंत उठवली. जागा सगळ्या सोसायटीची, गॅरेज याच्या एकट्याचे. हिच्या खाटेवरचे ऊन गेले. अर्धांगवायू झाल्यापासून हिला तेवढाच विरंगुळा. विचारले तर म्हणतो, "आबा, वार्षिक सभेत ठराव झालाय. खाली तुमची सही हाय की."
सभा कसली! सत्यनारायणाला शिऱ्याचा द्रोण देताना वही पुढे करतो, आम्ही सही करतो. दर वर्षीचे आहे. हातात प्रसाद असताना वर काय लिहिलेय कोण वाचतो?
सोडणार नाही त्याला.

१७ फेब्रु.
उपनिबंधकांकडे अर्ज दिला. सभा झालीच नाही, चौकशी व्हावी. सातवीपर्यंतचे शिक्षण, तीनदा फाडून लिहिला. पोचेवरचा शिक्का पुसट आहे. चालेल ना?

९ मार्च
नाईक जिन्यात. "काय आबा, सरकारचं जावई झालाय म्हणं!" बाकीचे हसले. हसा. खुर्ची जाताना त्याचे तोंड मला बघायचे आहे.

२ एप्रिल
सुनावणी. साहेबांनी वही दाखवली. "सही तुमचीच ना?" म्हणालो, "व्हय साहेब, पण ती प्रसादाची." नाईक मोठ्यांदा हसला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे बसप्पाअण्णा उठले. "माझी बी प्रसादाचीच." मागोमाग आणखी चौघे. नाईकचा चेहरा... किती गोड वाटले, लिहिता येत नाही.

२० मे
कमिटी बरखास्त! प्रशासक येणार. पेढे आणले. नाईकची बेल मुद्दाम दोनदा दाबली. दार उघडले नाही.

६ जून
प्रशासक बाई पाहणीला आल्या. गॅरेज बेकायदा म्हणाल्या. मग आमच्या पायऱ्यांपाशी थांबल्या. हिच्या चाकाच्या खुर्चीसाठी मी तिथे सिमेंटचा उतार करून घेतलाय. "याची परवानगी?" नाही. कुणाला विचारायचे असते हेच माहीत नव्हते. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सभा घेते. सगळ्यांचे हात वर आले तर राहील. एक जरी अडला तरी पाडायचे. गॅरेजलाही तोच नियम."
उतार गेला तर हिला दवाखान्यात कसे न्यायचे? जेवण गेले नाही.

११ जून
नाईक घरी आला. चप्पल बाहेर काढून, पहिल्यांदाच. "आबा, मी तुमच्या उताराला हात वर करतो, तुम्ही माझ्या गॅरेजला करा. मिटवू या की." मी "बघू" म्हणालो.
तो गेल्यावर ही खाटेवरून म्हणाली, "ऊन माझं, पाय माझं. भांडण तेवढं तुमचं. मला इचारलंसा कवा?" आज विचारले. तर कूस बदलून पडली.

१३ जून
उद्या सभा. सूचना फळ्यावर लागली आहे. दोनदा जाऊन वाचली. विषय पहिला उतार, दुसरा गॅरेज. म्हणजे त्याचा हात आधी वर जाणार. मग माझी पाळी.
मी नुसते "बघू" म्हणालो होतो. त्याला काही शब्द दिला असे होत नाही. होते का?