सासूबाईंच्या नावाने तपासलेलं गळू

तीर्थस्वरूप ताईस,

उभ्यानेच नमस्कार. (वाकता येत नाही, बसता येत नाही, कारण पुढे येईलच.) तुझ्या तब्येतीचं शेवटी विचारते. भाऊजींनाही नमस्कार, पण हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस.

तर झालं असं, की मला नको त्या जागी गळू झालं. योनीच्या तोंडाशी दोन बाजूंना वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्यातल्या एकीचं तोंड बुजलं, आत जंतू वाढले आणि वाटाण्याचं लिंबू झालं. चार दिवस मी "कंबर धरली आहे" असं सांगत प्रयोगशाळेत उभ्याने काम केलं. (दिवसभर जगाचा पू आणि लघवी तपासणारी बाई, पण स्वतःचं सांगायच्या वेळी दातखीळ बसली!) पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चीर दिली तेव्हा ब्रह्मांड आठवलं. पुवाची नळी त्यांनी माझ्याच हातात ठेवली, तुमच्याकडेच तपासा म्हणाल्या. आता नाव-वय नसलेली नळी आम्ही घेत नाही, आणि तसा कागद भिंतीवर मीच चिकटवलाय. माझं नाव घातलं असतं तर दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून सासूबाईंचं घातलं, वयही त्यांचंच, बहात्तर. लबाडीतसुद्धा मी काटेकोर.

घरी ह्यांनी एकच विचारलं, "हे कुणाकडून आलं?" आणि तीन दिवस अबोला. असले जंतू संबंधांतूनही येतात, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. येतातही. पण ताई, पंधरा वर्षांच्या संसारात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बशीत वाढलेले जंतू मीच पाहिले: ई. कोलाय, प्रत्येकाच्या आतड्यात मुक्कामाला असलेले, म्हणजे ह्यांच्याही. संबंधांतून येणाऱ्या परम्याची तपासणी कोरी. मला रडूच आलं.

तेवढ्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी अहवालावरचं वय पाहून, त्यावर लिहिलेल्या नंबरावर परस्पर घरी फोन लावला: आजींना ताबडतोब आणा, या वयात तिथे गाठ म्हणजे तुकडा काढून बघायला हवा. फोन सासूबाईंनीच घेतला. मी पोचले तर त्या कुणाला कोणत्या बांगड्या द्यायच्या ते सांगत होत्या आणि सासरे कोपऱ्यात डोळे पुसत होते. सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं. ह्यांनी अहवाल वाचला, घडी घातली आणि जेवायला वाढ म्हणाले. माफी नाही, काही नाही. सासूबाई मात्र मागून स्वयंपाकघरात आल्या. "मलाही झालं होतं," म्हणाल्या, "मी कुणाला सांगितलंच नाही. आपोआप फुटलं." एवढं बोलून भांडी घासत बसल्या.

तुझी,
उभी धाकटी

ता. क. आता तुझी तब्येत. मोठे डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर तिथे गाठ आली तर दर वेळी जंतूच असतील असं नाही, कर्करोगही असू शकतो. तू एक्कावन्न वर्षांची. गेल्या खेपेला आलीस तेव्हा दोन उश्या घेऊन एका कुशीवर रेलून बसली होतीस, आणि तीन महिने सांगते आहेस की कंबर धरली आहे.

ता. क. २. मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला आहे. मी सोबत आहे. नाव तुझंच दिलंय, वयही.