पान छत्तीसवरचा तक्ता

१८ डिसेंबर, गुरुवार

हे सकाळीच छावणीच्या बाजाराला गेले. घर शांत. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद, फोनखाली टॉवेलची घडी. वैशालीच्या परीक्षेच्या पुस्तकाची पानं २८ ते ३५ एका बैठकीत फोनवर रेकॉर्ड करून तिला पाठवली. आवाज छान लागला होता आज. नद्यांचं प्रकरण वाचताना मलाच पैठणला जाऊन आल्यासारखं वाटलं.

तासाभरात तिचा निरोप आला, "मॅडम, ऐकलं. लई छान." रोज एवढंच म्हणते. पण बरं वाटतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, गॅदरिंगची निवेदनं केली. तेव्हा रोज छान म्हणणारं कुणी नव्हतं.

२० डिसें., शनिवार

आज नळ. सहा दिवसांनी. मोटर, टाकी, पिंपं, बादल्या. वाचन शून्य. वैशालीला कळवायला फोन केला तर म्हणते, तुमच्याकडं आज पाणी असंल हे मी धरूनच चालले होते. रेकॉर्डिंगमागच्या आवाजांवरून आमच्या गारखेड्याच्या पाण्याचा हिशोब हिला पाठ!

मूळ करमाडची. वडील शेती करतात, भाऊ शेंद्र्याला कंपनीत. ही जन्मापासून आंधळी. मी 'दृष्टिहीन' म्हणायला गेले तर हसली, आंधळीच म्हणा म्हणाली. इथं होस्टेलला राहून क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास करते. परीक्षा १५ फेब्रुवारीला. यंदा नाही झालं तर खोली सोडून गावी ये, असं घरून स्पष्ट सांगितलंय. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, पुस्तकात जे काही असंल ते सगळं वाचा, आणि दर पानाला पानाचा नंबर सांगा.

२३ डिसें., मंगळवार

पान ३६. अख्खं पान तक्ता. धरण, नदी, जिल्हा, आणि पुढे कसले कसले आकडे. चार ओळी वाचल्या, जीभ वळेना, पुसलं. परत वाचलं, परत पुसलं. शेवटी "यानंतर धरणांचा तक्ता दिला आहे" एवढं म्हणून पुढं गेले.

ऐकून कुणाच्या लक्षात राहणार आहे ते? तिच्या डोक्याला उगाच ताप. (माझ्याही.)

२९ डिसें., सोमवार

आता तेवढंही म्हणत नाही. मध्येच 'तक्ता दिला आहे' म्हटलं की लय तुटते. खनिजांचं प्रकरण सलग झालं. शेवटचा परिच्छेद तर फारच उत्तम.

ह्यांनी विचारलं, इतक्या लवकर पन्नास पानं कशी झाली? म्हटलं, तुम्ही मेथी निवडा.

५ जानेवारी, सोमवार

महिला मंडळाच्या देशमुखबाईंचा फोन. यंदाच्या हळदीकुंकवाला माझा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ. वैशालीलाही बोलवायचं म्हणाल्या, म्हणजे बायकांना प्रेरणा मिळेल. मी 'अहो, कशाला' म्हटलं, पण अशा सुरात की त्यांनी नक्की करावं.

मोरपंखी नेसावी का जांभळी?

११ जाने., रविवार

वैशाली एरवी निरोप पाठवते. आज फोन केला. क्लासात सराव परीक्षा झाली. गणित बरं, इतिहास बरा. "धरणांचे सगळे गेले मॅडम. खनिजांचे पण."

मी तिला भाषण दिलं. उजळणी कमी पडते. पहाटे उठत जा. ऐकलं म्हणजे पाठ झालं असं नसतं. चांगली वीस मिनिटं. ती व्हय मॅडम, व्हय मॅडम म्हणत राहिली.

फोन ठेवून कणीक मळायला घेतली. मळता मळता काहीतरी आठवलं म्हणून तशाच हातांनी पुस्तक उघडलं. ३६. मग ४१. मग ५२, ५३.

पुस्तकाला कणीक लागली. पोळ्या ह्यांनी केल्या.

१२ जाने., सोमवार

घसा बसलाय असं तिला कळवलं. खोटं.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, मग आता वाचून टाक की. जसं काही वाळत घालायचे कपडे राहिलेत. मी म्हटलं, एकदम इतके तक्ते पाठवले की मी ते गाळले होते हे तिला कळणार नाही का? म्हणाले, कळेल. म्हणून गाळायचेच का मग? ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, कारण ते बरोबर असतात.

'पुरवणी' असं नाव देऊन गुपचूप पाठवावेत, असंही मनात आलं. रेकॉर्डिंग सुरू केलं. 'पुरवणी' हा शब्द तोंडातून निघेना.

१४ जाने., बुधवार

संक्रांत. सांगायचंच असं ठरवून होते. तेवढ्यात तिचाच निरोप आला: "मॅडम, तुम्हाला गोड बोला म्हणायची गरजच नाय. तुम्ही रोजच गोड बोलता."

राहिलं.

१८ जाने., रविवार

सविस्तर लिहायला हवं.

सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू. वैशालीला रिक्षानं मीच आणलं. निळा ड्रेस, घट्ट वेणी, हातात घडीची काठी. देशमुखबाईंनी माझ्या त्यागावर बरंच काही म्हटलं. मग हिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ही माईक चाचपून उभी राहिली. मॅडमचा आवाज लई गोड हाय म्हणाली, त्या दमल्या तरी वाचतात म्हणाली, आणि बसली. टाळ्या. कुणीतरी डोळे पुसले. माझ्या खांद्यावर शाल आली. ती दोन मिनिटं मी कशी उभी राहिले माझं मला माहीत. तिथंच सांगायला हवं होतं. जमलं नाही. भ्याले, दुसरं काय.

नंतर तिला घरी चहाला आणलं. हे कप ठेवून आत गेले. शाल अजून अंगावरच होती. ती काढली आणि एका दमात सांगितलं की धरणांचा तक्ता मी गाळला, त्यानंतरचे सगळेच गाळले, आणि वर तुलाच पाठांतरावरून बोलले.

तिनं बशी चाचपून कप ठेवला.

"माहिताय मॅडम. तुमचं एक पान अडीच मिन्टांचं असतंय. छत्तीस अर्ध्या मिन्टात संपलं."

मला राग आला. खरंच आला, तिचाच. मग बोलली का नाहीस? वीस मिनिटं माझं व्याख्यान ऐकून घेतलंस!

"आधी एक ताई वाचायच्या. त्यांना एकदा म्हणले, इथं दोन ओळी सुटल्या. सॉरी म्हणल्या. मंग परत त्यांनी फोनच नाय उचलला." पुढं म्हणाली, "फुकट करणाऱ्याला काय म्हणावं मॅडम? जेवढं मिळतंय तेवढं घ्यायचं."

चहा थंड झाला.

निघताना, चपला घालता घालता, अगदी सहज: साधा मजकूर तर हल्ली तिचा फोनही वाचतो. चुकतमाकत, पण वाचतो. तक्ता आला की मात्र त्याला आडवं-उभं कळत नाही, सगळं एकात एक कालवतो. "तेवढ्यासाठीच माणूस लागतं मॅडम."

यापुढं माझ्या चुका सांगत जा, असं तिला बजावलं. व्हय मॅडम म्हणाली. अकरा तारखेला म्हणत होती तसंच.

१९ जाने., सोमवार

शाल कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात.

लाज वाटते. केलेल्या चुकीची वाटतेच, पण जास्त वाटते ती ह्याची, की मी देते आहे अशा थाटात इतके दिवस वागले आणि ती मला सांभाळून घेत होती. नद्यांची वर्णनं मी आळवून आळवून म्हटली. ती फोननंही वाचली असती.

२२ जाने., गुरुवार

हे छावणीला. पान ३६ पासून सुरुवात.

तक्ता कसा वाचायचा हे तिनं शिकवलं. आडवा वाचायचा. दर वेळी रकान्याचं नाव घ्यायचं. धरण अमुक, नदी अमुक, जिल्हा अमुक. मग थांबायचं, मनात तीन म्हणायचं, मग पुढची ओळ. सूर लावायचा नाही, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते मला आपोआप कळलं. 'जिल्हा' हा शब्द शंभरदा म्हणून झाल्यावर सूर राहतच नाही.

एका पानाला पाऊण तास. "ऐकलं. लई छान."

२७ जाने., मंगळवार

आज मुद्दाम एक ओळ गाळली. सांगते का बघायला. शिक्षकी खोड, वर्गात फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहायचे तशी.

"ऐकलं मॅडम. लई छान."

इतकं वाईट वाटलं की काय सांगू. एक तर ती अजून भिते. आणि दुसरं, मी परत तिची परीक्षाच घेतली. संध्याकाळी गाळलेली ओळ वाचून पाठवली, मुद्दाम केलं होतं हेही सांगितलं. उत्तर: "असू द्या मॅडम."

तिनं चिडायला पाहिजे होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

घसा खरंच बसला. देवाचा न्याय. डॉक्टर म्हणाले, चार दिवस बोलू नका. परीक्षेला तेरा दिवस, आणि तक्ते अजून ढीगभर.

पाटीवर लिहून ह्यांना विचारलं. हे तहसील कचेरीत कारकून होते, जन्मभर सर्व्हे नंबर वाचले. चष्मा पुसला, फोन धरला आणि तक्त्याच्या आधी तिला सरळ ठणकावलं: "हे बघ वैशाली, मी काका बोलतोय. माझ्या चुका काढणार असशील तरच वाचीन. नाहीतर बंद करतो."

मी हातवारे करून थांबवत होते. ऐकतात कुठले.

३ फेब्रु., मंगळवार

तिनं ह्यांच्या तीन चुका काढल्या! पान ८८ वर दोन, ९१ वर एक. शिवाय, काका जरा हळू. ह्यांनी मुकाट्यानं परत वाचलं. मग निरोप आला की काकांचं वाचन बरं हाय, मधी भाव नसतो.

जन्मभर ह्यांना म्हणत आले, अहो, जरा भावपूर्ण बोलत जा.

खोटं कशाला लिहू, मत्सर वाटला. मी दोन महिने जीव ओतून वाचलं त्याला 'लई छान', आणि ह्यांना पहिल्याच दिवशी तीन चुका. ह्यांना म्हटलं (पाटीवर), माझ्या चुका का काढत नाही? म्हणाले, तू तिला चुका सांग म्हणालीस, आणि ती घाबरली होती कशाला? तू बंद करशील याला. मी तीच धमकी उलटी दिली.

तहसीलमध्ये शिकले म्हणे.

७ फेब्रु., शनिवार

आवाज परत आला. जरा घोगरा. माझं वाचन परत सुरू. मीही तिला कळवलं: काकांची अट तीच माझी अट.

"व्हय मॅडम."

पानं ११२ ते १२०. चूक एकही नाही म्हणाली. खरं की काय, कोण जाणे.

१० फेब्रु., मंगळवार

करमाडहून तिच्या आईचा फोन. नंबर वैशालीनं दिला असावा. ओळख ना पाळख. म्हणाली, "बाई, पोरीचं व्हईल का हो?" मी म्हटलं, अभ्यास चांगला आहे. नंतर वाटलं, शाळेत पालकांना द्यायचे तसलंच उत्तर दिलं. मग परत फोन लावून सांगितलं, मला माहीत नाही, पण ती लई हुशार आहे आणि आमच्यामुळं तिचे काही दिवस वाया गेले. ती माऊली म्हणाली, "आसं कसं म्हनता, तुमी किती करता." परत तेच.

१३ फेब्रु., शुक्रवार

परवा परीक्षा. तक्ते दुपारपर्यंत संपवायचेच होते. नेमका आज नळ, त्यामुळं मोटर बंद झाल्यावर अकराला बसले. पान २०४, शेवटचा मोठा तक्ता, घाट आणि ते कुठल्या दोन गावांना जोडतात. मागं कुकर लावलेला. वाचून पाठवला आणि हुश्श केलं.

दहा मिनिटांत निरोप. मला वाटलं 'लई छान'. तिचा आवाज एकदम कामाचा, ना मॅडम ना काही:

"पान दोनशे चार. चौथ्या ओळीत कुकरची शिट्टी झाली, घाटाचं नाव गेलं. शेवटच्या दोन ओळींना तुम्ही रकान्याचं नावच घेतलं नाय, नुसती गावं घेतली. परत पाठवा. लवकर."

तीनदा ऐकलं. ह्यांना बोलावून ऐकवलं. माझे डोळे भरून आले. ह्यांना समजेना रडण्यासारखं काय आहे त्यात.

गॅस बंद केला. डाळ कच्चीच राहिली. दार लावलं, पान दोनशे चार उघडलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.