पलीकडचा डबा

॥ श्री ॥
कडेगाव, ९ मार्च २०२५

ती. आक्कास,
उदयसिंहचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू फोन उचलायचं बंद केलंस आणि कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव, असा हुकूम सोडलास. मी पलटणीत असताना तुझं पत्र महिन्यानं यायचं आणि मी ते उशाला घेऊन झोपायचो. आता क्षणात येतं आणि झोप उडते.

त्रेसष्ट वर्षांची बाई. पाटणच्या शाळेत सगळी नोकरी गेली, मागे पोरंबाळं नाहीत, पेन्शन आहे. गपगुमान बसावं की नाही? तर पाठीला बोचकं बांधून एकटीच जॉर्जियाला! गावात विचारतात तेव्हा मी सांगतो की आक्का चारधामला गेली. सुभेदार माणसाला उतारवयात खोटं बोलायला लावलंस. फिरायचंच होतं तर टूरवाल्याबरोबर जायचं होतंस. पुढे झेंडा धरलेला माणूस, मागे आपण, संध्याकाळी वरणभात. पलटण सोडून एकटा हिंडणाऱ्याला आमच्यात शूर म्हणत नाहीत, भगोडा म्हणतात. आबांची बेचाळीसची धुंदी उतरली नव्हती म्हणून त्यांनी तुझं नाव क्रांती ठेवलं. इंग्रज कधीच गेले. तू अजून कुणाशी लढते आहेस ते तरी कळू दे.

साक्षीचं लग्न अकरा मेला आहे. पोरगी रोज विचारते की आत्या कवा येणार. तिला काय सांगू ते कळव. लोभ आहेच; तो वाढवायचा की आटवायचा हे तुझ्या येण्यावर ठरेल.

तुझा,
उदयसिंह


कुतैसी, १५ मार्च २०२५

चि. उदयसिंह यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं ओरडणं कागदावरही ऐकू येतं.

इथे विमानतळावर गंमत झाली. चंद्रावहिनीने दिलेली कांदा-लसूण चटणी पाहून तपासणीवाल्याला संशय आला. मी हातवारे करून सांगितलं की खायची वस्तू आहे. त्याने थेट नाकच खुपसलं. मग तो शिंकला, त्याचा साहेब शिंकला आणि त्यांचा वास घेणारा कुत्रा टेबलाखाली जाऊन बसला. शेवटी पाणी मलाच पाजावं लागलं.

उतरले आहे ती आठ जणांची खोली आहे. एक पुण्याचा पोरगा आहे. तो जग बघत नाही, जग बघताना स्वतःला बघतो. ताटातलं निवेपर्यंत त्याचं शूटिंग चालतं. एका जर्मन बाईने मला विचारलं की या प्रवासात तुम्ही स्वतःला शोधताय का. मी तिला सांगितलं की बाई, मी हरवलेच नव्हते. हरवलेत ते दोघं कडेगावात आहेत.

ते दोघं म्हणजे दादा आणि तू. सख्खे भाऊ एका शेवग्याच्या झाडावरून भांडता काय, अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण ठोकता काय, आठ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाही काय! आणि निरोप पोचवायला मी. पाटणहून एसटीने यायचं, दादाचं तुला सांगायचं आणि तुझं दादाला. त्यालाच विटून मी निघाले. गेल्या पावसाळ्यात तुला डेंग्यू झाला तेव्हा वहिनीने कुंपणावरून खिरीचा डबा दिला. चाटूनपुसून खाल्लास. तो डबा अजून तुझ्याच घरात आहे. तुझी बायको मालन असती तर तिने कधीच पोचवला असता, पण ती गेली आणि घरातली रीतभातही गेली. डबा रिकामा परत करू नये असं आई शिकवायची. तू तो परतच न करून तिचा शब्द पाळलास म्हणायचा.

तेव्हा नीट ऐक. साक्षी माझ्या काळजाचा तुकडा आहे. पण एक भाऊ मांडवात आणि दुसरा कुंपणाआड, असल्या लग्नात मी आत्या म्हणून मिरवणार नाही. वहिनीचा डबा भरून परत कर, दादाच्या घरी अक्षत दे. माझं परतीचं विमान बारा एप्रिलला आहे. मी कडेगावला येऊ की थेट पाटणला जाऊन दार लावून बसू, ते तू ठरव.

आशीर्वाद आहेत, अक्कल तेवढी तुझी तू बघ.
आक्का


कडेगाव, १९ मार्च २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पलीकडच्यांचं नाव माझ्या पत्रात नको. शेवगा माझ्या हद्दीत, मुळं माझ्या हद्दीत, आणि शेंगा तेवढ्या पलीकडे लोंबतात म्हणून त्यांच्या? हा कुठला कायदा? सरहद्दीवर हाडं झिजवलेल्या माणसाला हद्द शिकवू नये.

डब्याचं म्हणशील तर तो रिकामा नाही. त्यात मी खिळे ठेवलेत.

आणि तू कोण गं अटी घालणारी? स्वतःच्या घराला कुलूप घालून परक्यांच्या खोल्यांत झोपणारी बाई मला घरदार शिकवते! मंगल कार्यालयं सगळी आधीच गेली आहेत आणि माझ्या अर्ध्या अंगणात मांडव मावत नाही, हे मला दिसतं. नाही मावला तर अर्धा रस्त्यावर घालीन, येणाऱ्या-जाणाऱ्या उसाच्या गाड्यांना जेवायला बसवीन, पण पलीकडे पाऊल टाकणार नाही. तू बाराला ये. मुकाट्याने ये.

लोभाचं पुढच्या वेळी बघू.
उदयसिंह


जॉर्जिया, डोंगरातलं एक गाव, १४ एप्रिल २०२५

चि. उदयसिंह यास आशीर्वाद.

तारीख बघून तुझा पारा चढला असेल. विमान गेलं. कसं गेलं ते सांगते.

इथल्या पाट्यांवर सगळी जिलबीची अक्षरं. मी चुकीच्या मिनीबसमध्ये बसले आणि डोंगरात भलत्याच गावी उतरले. मागे दरड कोसळून रस्ता बंद झाला. नानुली नावाच्या म्हातारीने मला घरी नेलं आणि परसातली खोली दिली. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. मातीच्या भांड्यात राजम्यासारखं कालवण आणि बरोबर मक्याची भाकरी आणून दिली. मी कपाळाला हात लावला. एवढं जग ओलांडून शेवटी भाकरीच!

भांडं धुतलं. आता ते रिकामं कसं द्यायचं? बोचक्यात बेसन होतं, वहिनीची चटणी होती. पिठलं करून भांडं भरून दिलं. म्हातारीने घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, मला बहुतेक शिवी दिली आणि सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी तेच भांडं अक्रोडाच्या मुरंब्याने भरून माझ्या दारात हजर. मग मी शिरा केला. मग तिने चीज भरून आणलं. दोघीही हट्टी, कोणी थांबेना. रस्ता सुरू झाला, बस येऊन भोंगा वाजवायला लागली आणि माझ्या हातात नुकतंच पुसलेलं रिकामं भांडं. तसंच उंबऱ्यावर ठेवून पळाले असते तर विमान मिळालं असतं. माझा हात धजला नाही. मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. बस गेली, आणि पुढची आली तोवर विमानही गेलं.

हसायचं तर हस. पण ज्या म्हातारीची भाषासुद्धा मला येत नाही तिचं भांडं मला रिकामं देववेना, आणि सख्ख्या भावजयीच्या डब्यात तू खिळे भरतोस. सुभेदार, मला तुझी लाज वाटते. रागाने नाही लिहीत, खरंच वाटते. दुसरं तिकीट मी अजून काढलेलं नाही.

आक्का


कडेगाव, १६ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न.

मडक्यासाठी विमान सोडलंस! हे मी कुणाला सांगू? लोकांचे पासपोर्ट हरवतात, बॅगा चोरीला जातात, हातपाय मोडतात. आमची आक्का पिठलं घोटत बसली म्हणून परदेशात अडकली. निदान चारधामची थाप तरी बरी होती.

डबा पलीकडे जाणार नाही. हे शेवटचं. लाज वाटते तर वाटू दे.

उदयसिंह

ता. क. शिऱ्याला रवा किती भाजायचा? साक्षीला माहिती हवी आहे. माझा काही संबंध नाही.


कडेगाव, २५ एप्रिल २०२५

वन्सं यांना चंद्राबाईचा नमस्कार.

शाळा चौथीच झाली, म्हणून बोलते तसंच लिवते. सूनबाई फोटू काढून धाडंल.

परवा सकाळच्या पारी तुमचं धाकलं बंधू कुंपनापाशी आलं. हातात माझा डबा. हाक मारायची न्हाई, नुसतं खाकरायचं. मला वाटलं मांजराच्या घशात काय अडाकलं. ह्यांनी पेपरातनं वर बघितलं अन् मला म्हनलं की जा, त्यो मरायच्या आत डबा घे. भावजींनी कुंपनावरनं डबा दिला अन् तिथंच उभं ऱ्हायलं, हुकमाची वाट बघितल्यागत.

साक्षी बस्त्याला सांगलीला गेलती, म्हंजे शिरा सवताच केलेला. वन्सं, काय सांगू! वर गाठी, खाली करपलेला. ह्यांनी घास घेतला अन् दाताखाली खिळा आला. म्हनलं झालं, आता आनखी आठ वर्सं. तर ह्ये लय हसलं. डोळं पुसून पुसून हसलं. खिळा घेऊन कुंपनापाशी गेलं अन् म्हनलं की सुभेदार, लढाईत जमलं न्हाई त्ये शिऱ्यात करायला निघालाव व्हय. भावजींचं बी त्वांड हललं. मी बघितलं.

डबा रिकामा कशी देऊ? शेवग्याच्या शेंगांची आमटी भरून दिली. शेंगा कुनाच्या त्ये त्येंनी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई. आता डबा त्येंच्याकडं हाय. त्येंची पाळी.

बेगीनं या. माया हाय तशी ऱ्हाऊ द्या.
चंद्राबाई


कडेगाव, ३ मे २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

त्या मडक्याचा रोग तू इथवर पोचवलास. डबा थांबतच नाही. मी भरून देतो, तो भरून परत येतो. लग्नाचे लाडू लग्नाआधीच निम्मे झाले. माझ्या हाताला नावं ठेवतात आणि डबा मात्र लख्ख चाटून पाठवतात.

काल कुंपणाचे पत्रे काढले. वाऱ्याने खिळखिळे झाले होते म्हणून काढले, उगीच गैरसमज नको. निघालेले खिळे ठेवायला आता घरात डबा नाही. मांडव दोन्ही अंगणांत मिळून बसतो. मधला खांब नेमका शेवग्याजवळ, हद्दीवर आला. मी खड्डा काढत होतो, तर पलीकडच्यांनी मागून येऊन पहार हातातून ओढून घेतली आणि म्हणे, तुला जन्मात सरळ खड्डा जमला नाही. मग स्वतः काढला तो माझ्याहून वाकडा. खांब कलला आहे. सगळ्या गावाला दिसतो. मी तसाच बुडाशी माती दाबून टाकली.

तू सातला मुंबईला उतरते आहेस असं साक्षीने सांगितलं. मला कळवायची तसदी घेतली नाहीस, हेही लक्षात ठेवलं आहे. तुझ्यासारखं एकटं हिंडून भलत्या गावी उतरायचे धंदे आता पुरे. विमानतळावरून हलू नकोस. दादा गाडी घेऊन तुला आणायला निघतोय. मीही त्याच्याबरोबर येतो आहे, कारण त्याला एकट्याला रस्ता सापडायचा नाही.

तुम्हा दोघांचा धाकटा,
उदयसिंह