नवघरच्या जयूचा आवाज

६ नोव्हेंबर
वाचनालयाचे साळवी सकाळी सकाळी हजर. मला पंचाहत्तर होतायत म्हणून ३० तारखेला सत्कार करायचाय. दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणवलं नाही. हावरटच मी. सव्वीस वर्षं दर शनिवारी टीव्हीवर ‘भिंगरीमामा’ बनून नाचलो, दिग्दर्शनही आपलंच, आणि अजूनही कुणी हार म्हटलं की मान आपोआप पुढे होते.
साळवींना कार्यक्रमातली त्या वेळची मुलं हवीत, स्टेजवर दोन शब्द बोलायला. तीन नावं दिली. एक डॉक्टर, एक बँकेत, एक नाटकात असतो.
ते गेल्यावर कुमुद आतून म्हणाली, “आणि नवघरची जयू?”
ऐकलंच नाही असं दाखवलं. माझे कान ठणठणीत आहेत हे बायकोला माहितीय.

७ नोव्हें.
जेवताना पुन्हा तोच विषय. कु. म्हणते, “सहा वर्षं तिच्याच हातच्या पोळ्या खाताय.”
घास तोंडातच राहिला. नवघरला जयूचं पोळीभाजी केंद्र आहे म्हणे, आपल्या बेव्हर्ली पार्कपासून रिक्षाने दहा मिनिटं. कु.चे गुडघे गेल्यापासून पोळ्या तिथूनच येतात. मला वाटायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून.
“मग मला सांगितलं का नाहीस?”
“सांगून काय केलं असतंत? पोळ्या बंद केल्या असत्यात.”
केल्याच असत्या. बाईला नवरा पुरता पाठ आहे.

८ नोव्हें.
आज लिहूनच काढतो. इतकी वर्षं एकाही वहीत नाही लिहिलं.
जयू नऊ वर्षांची होती. ‘आमचं गाव’ म्हणून सदर होतं, त्यासाठी नवघरला गेलो होतो. तिचा बाप मिठागरात कामाला. पोरगी मिठाच्या ढिगाशी उभी राहून मीठ कसं होतं ते सांगत होती, तिच्या बोलीत, हाय-न्हाय करत, हातवारे करत. बाप कॅमेऱ्यामागे उभा राहून हसत होता, मधेच तिला चुकलेलं सांगत होता. एक टेक, झकास. सव्वीस वर्षांत इतकं चांगलं मूल माझ्या कॅमेऱ्यापुढे आलं नाही. हे मला त्या क्षणी कळलं होतं, म्हणून जास्त लागतं.
पण आधीच्या महिन्यात शिक्षकांची पत्रं आली होती. मुलांच्या कार्यक्रमात अशुद्ध बोलतात, आमच्या मुलांनी काय शिकायचं, वगैरे. मी टरकलो. जयूचं सगळं बोलणं ‘शुद्ध’ करून लिहिलं आणि आमच्या मुग्धाला स्टुडिओत बसवून तिच्याकडून वदवून घेतलं. तोंड जयूचं, आवाज माझ्या लेकीचा. जयूला कळवलंही नाही. शनिवारी लागेल, बघ हं, एवढं कार्ड टाकलं.
वरून त्या भागाला शाबासकी मिळाली.

१० नोव्हें.
बंगलोरला मुग्धाला फोन. तिला आठवतच नाही. “बाबा, तुम्ही माझ्याकडून इतकं काय काय करून घ्यायचात.” तेही आहेच.

१२ नोव्हें.
गेलो नवघरला. गावठाणाच्या तोंडाशी, नव्या टॉवरच्या सावलीत दुकान. दोन बायका लाटतायत, ती तव्यावर. पन्नाशीकडे झुकलीय. मला बघितलं, उलथनं खाली ठेवलं, हात पुसले.
“मामा ना? भिंगरीमामा?”
चहा पाजला. कु.च्या गुडघ्यांची चौकशी केली. एक मुलगी कॉलेजात, नवरा कंपनीत, म्हातारी आई, तिची ‘आयस’, दुकानामागच्याच घरात असते, सगळं सांगितलं. माझ्याशी बोलत होती ती अगदी छापील मराठीत, आणि मागे वळून बायकांना म्हणत होती, “पीठ संपलाय, बघतंय का न्हाय?”
जे बोलायला गेलो होतो ते बोललो नाही. नको असताना दहा पोळ्या घेऊन आलो. कु.ने डबा बघितला आणि पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

१५ नोव्हें.
पुन्हा गेलो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. स्टुलावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. तुझा आवाज काढला तो मी. निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.
“ठाव हाय, मामा. माझा आवाज मना ठाव नसंल व्हय?”
मग तिने त्या शनिवारचं सांगितलं. गल्लीत एकच टीव्ही, सगळी जमलेली. पडद्यावर ती दिसली तशी पोरं ओरडली, आणि तिने तोंड उघडल्यावर गप्प झाली. आजी म्हणाली, ही कोण बोलतेय? सोमवारी शाळेत बाईंनी वर्गासमोर उभं केलं. बघा, टीव्हीवर किती छान बोलली, मग वर्गात का नाही बोलत असं?
“तवापासून तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात धुऊन घेतंय. अजून घेतंय. परवा तुमच्याशी बोलले ना, ते धुतलेलंच.”
रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, मी राग झेलू शकतो.
निघताना तिने विचारलं, “मामा, तो खरा आवाज हाय का कुठं? बाबूस हसत होता ना मागं. पुढल्या वर्षी गेला तो. त्याचा आवाज कुठंच न्हाय आमच्याकडं.”
आणि मी म्हणालो, “बघतो. मिळेल.”

१६ नोव्हें.
कशाला बोललो. मिळेल म्हणे.
त्या टेपा कधीच पुसल्या. टेप महाग, म्हणून भाग लागून गेला की कच्चं चित्रण पुसायचं आणि टेप पुन्हा वापरायची, ही आमची रीत होती. पुसायच्या यादीवर सही दिग्दर्शकाची. म्हणजे माझी. जयूची टेप त्या यादीत होती, आठवतं मला, कारण पेन क्षणभर थांबलं होतं. क्षणभरच.
पण ही माझी जुनी खोड. मूल समोर आलं की भिंगरीमामा नाही म्हणत नाही. मामा, हत्ती आणाल? आणतो. मामा, माझं पत्र वाचाल? वाचतो. हजारो पत्रांतली वाचून व्हायची चार. मुलं घरी वाट बघत असणार, हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

२१ नोव्हें.
जयूने स्वतःहून साळवींना फोन केला, मीही येते म्हणून. साळवी खूश. “स्थानिक कलाकार, अजून काय पाहिजे.”
तिला आधी खरं सांगायला हवं. उद्या जातो.

२२ नोव्हें.
नाही गेलो. डोकं दुखत होतं. खरं म्हणजे दुखत नव्हतं.

२७ नोव्हें.
कु. आज तडकली. “तिला एकटीला गाठून सांगा. चारचौघांत नको.”
हो हो म्हटलं.

३० नोव्हें.
सत्कार झाला.
हॉल भरला होता. शाल, नारळ. डॉक्टर बोलला, बँकवाला बोलला, नाटकवाला फारच बोलला. मग साळवींनी जयूचं नाव घेतलं. ती स्टेजवर आली. हातात घडी घातलेला कागद, चांगली साडी. माझ्याकडे बघून हसली. आता ही टेपेचं विचारणार, सगळ्यांसमोर. उठलो आणि माईक धरला.
सगळं सांगितलं. तिचा आवाज मी काढला, माझ्या मुलीचा घातला. टेप मी सही करून पुसली. तिचे वडील त्यात हसत होते. मी हिचा गुन्हेगार आहे, म्हणालो.
लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. साळवी म्हणाले, अहो, याला मोठं मन लागतं. मग वेळ संपली म्हणून त्यांनी आभार मानले, फोटो झाले, सगळे चहाकडे वळले.
जयूला शोधलं तर ती गेली होती.


१ डिसेंबर
पोळ्या आल्या, रोजच्यासारख्या. निरोप काही नाही.
कु. म्हणाली, “दुसऱ्यांदा केलंत तुम्ही. तेच.” मला कळायला सकाळ गेली. मी टेप पुसल्याची कबुली देत होतो आणि ती कागद हातात धरून माझ्या शेजारी उभी होती.

३ डिसें.
दुकानात गेलो. या म्हणाली. चहा विचारला नाही.
माफ कर म्हणालो. दोन्हीसाठी.
“टेप न्हाय ते मना आधीच वाटला होता,” ती म्हणाली. “तुम्ही बघतो म्हणाले ना, तवाच. मोठी माणसं बघतो म्हणतात तवा नसतंच ते.”
मग कशाला आलीस, विचारलं.
“बोलायला आलेले, मामा. न धुता. बाबूस मीठ कसा काढायचा ते सांगणार होते, आमच्या बोलीत. लिहून पाठ केला होता. आयसला घेऊन आलेले ऐकायला. मागच्या रांगेत बसलेली ती, तुम्ही बघितली न्हाय.”
नाही बघितली. मला समोरच्या टाळ्या दिसत होत्या.
म्हटलं, मला सांग ना आता, मी ऐकतो.
मान हलवली तिने. “तुमच्यासाठी न्हाय होता तो.”
तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, कोण आलंय? जयू मला हळू म्हणाली, “त्या दिवशीपासून रोज इचारतेय. जयू, तू बोलणार होतीस ना, मग बोलली का न्हाय? काय सांगू तिला?”
गिऱ्हाईक आलं, ती उठून तव्याकडे गेली, आणि मी किती वेळ तिथे बसून होतो ते आठवत नाही.