मर्यादित अर्थाने केळं

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (हल्ली जाड पुस्तकांवर इतकी वाकलेली असते की त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी गच्चीवर चढू नका म्हटल्यावर तुम्ही गच्ची सोडलीत की डॉक्टर, ते आईने फोनवर सांगितलं नाही, पण तिच्या आवाजावरून डॉक्टरच सोडलेत असं वाटलं. मामींची दाढ काढून झाली का? मी बरी आहे. वेळेवर जेवते. (हे वाक्य आईसाठी आहे, ती पत्र मागून घेईल.)

सुट्टीत जमिनीच्या वकिलाकडे काम शीक, जमीन कुठे पळून जात नाही आणि तिचा खटलाही, असं तुम्ही म्हणाला होतात. सल्ला लाखमोलाचा होता. मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत कायद्याचं संशोधन करायला गेले, तेही फुकट. (बाबांना ‘मानद’ असं सांगितलं आहे.) टायरच्या दुकानावर दोन खोल्या. एकीत फायली, दुसरीत औषधपाणी चाललेली कुत्री, आणि कुत्र्यांना फायलींच्याच खोलीत जायचं असतं. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कोर्टात घेऊन जातील. पहिल्या दिवशी खुर्ची मिळाली, तीही मांजर उठल्यावर. सोबतीला वर्गातली कलमबाई आहे. (चहात साखर कमी पडली तरी ती कुठलंसं कलम सांगते, म्हणून हे नाव.)

आमच्याकडे आलं ते एका वीटभट्टीवाल्याच्या गाढवाचं प्रकरण. पाठीवर जखम, जखमेवर पोतं, पोत्यावर विटा. पोलिसांनी गाढव ताब्यात घेतलं, भट्टीवाल्यावर खटला भरला, आणि खटला संपेपर्यंत माझं गाढव मला द्या म्हणून तो कोर्टात गेला. आता कायद्याच्या नजरेत जप्त केलेलं गाढव म्हणजे मुद्देमाल, चोरीत सापडलेल्या सायकलीसारखा, आणि सायकल मालकाला परत मिळते. तेव्हा गाढव म्हणजे सायकल नव्हे, असं सांगणारा निकाल शोधायचा, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही कपाटंच्या कपाटं उपसली. बऱ्याच निकालांत गाढव सापडलं, पण ते एका पक्षकाराने दुसऱ्याला म्हटलेलं होतं. शेवटी मला एक निकाल मिळाला. त्यात ट्रकभर केळी जप्त झाली होती, आणि कोर्टाने म्हटलं होतं की मुद्देमाल कुणाच्या हवाली करायचा हे ठरवताना, खटला संपेपर्यंत त्यातलं काय शिल्लक राहील तेही बघावं. आमच्या वकीलबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “हेच मांडू.” (दुसरं काही नव्हतंच.)

कोर्टात त्यांनी ते उत्तम मांडलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की गाढव हे केळं आहे?”

वकीलबाई म्हणाल्या, “हे संशोधन आमच्या विद्यार्थिनीचं आहे, साहेब.” आणि वळून माझ्याकडे बघायला लागल्या. विद्यार्थ्यांनी कोर्टात बोलायचं नसतं, पण सगळेच बघत होते, म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, “मर्यादित अर्थाने, साहेब.”

भट्टीवाल्याचे वकील म्हणाले की केळं विटा वाहत नाही.

न्यायाधीश म्हणाले, मला ते जनावर बघू द्या. पोलिसांनी गाढव आवारात बांधून ठेवलं होतं, सगळं कोर्ट खाली तिथे आलं. भट्टीवाला सांगत होता की लेकरासारखं वाढवलंय. साहेब गाढवासमोर उभे राहिले आणि नीट दिसावं म्हणून बरोबर आणलेला चष्मा लावायला त्यांनी हात वर केला. गाढवाने डोळे मिटून घेतले आणि मागचे पाय जरा वाकवले. मार चुकवायला नाही, मामा. घ्यायला. साहेबांचा हात तसाच राहिला. कलमबाईला एकही कलम आठवलं नाही. भट्टीवाला जमिनीकडे बघत राहिला. मलाही थोडा वेळ काही दिसत नव्हतं. आवारात धूळ फार आहे.

हुकूम झाला की गाढव भट्टीवर परत जाणार नाही, निकाल लागेपर्यंत ते एखाद्या जबाबदार माणसाकडे राहील. मात्र त्या माणसाचं नाव आजच्या आज द्यावं, नाहीतर मालकाचा अर्ज मंजूर. आता आली पंचाईत. संस्थेच्या गोठ्यात दोन बैल आहेत आणि त्यांचं आपसातच पटत नाही. वकीलबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, कलमबाई आणि मी वसतिगृहात. सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना कुणीतरी एक नाव सुचवलं. निवृत्त गृहस्थ, स्वतःचं घर, मागे मोकळी जागा, शब्दाला पक्के, आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. साहेबांनी विचारलं, प्राण्यांची आवड आहे का? आहे, असं सांगण्यात आलं. न्यायालयाचं समाधान झालं. ते सहसा होत नाही, मामा. ज्याच्यामुळे होतं त्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

बाकी विशेष काही नाही. कंबरेला जपा.

तुमची,
भाची

ता.क. तुमच्या परसाचं फाटक आत उघडतं की बाहेर? टेम्पोवाला विचारतोय.

आणखी एक ता.क. टेम्पो रविवारी सकाळी पोचेल. मलम सोबत देते आहे, दिवसातून दोनदा लावायचं. जवळ जाताना समोरून जावं, हळू बोलावं आणि हात खालीच ठेवावेत. तुम्हाला ते जमेल, याची मला खात्री आहे. तुमचं नाव मी उगाच नाही दिलं.

शेवटचं ता.क. मामींची परवानगी मी आधीच फोनवर घेतली आहे. एक गाढव काही महिने राहायला येतंय, असं मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, असं काय बोलतेस स्वतःला? तुझंच घर आहे, ये.” त्यांनी गादी उन्हात टाकली आहे. त्यांचा गैरसमज तुम्ही दूर करावा, पण शक्यतो टेम्पो परत गेल्यावर.